श्रावण पाळणारा मणी

सेमीकंडक्टर या शब्दाचं मराठी करायला गेलं की अर्धवाहक होतं, आणि आमच्या महाड-पोलादपूर पट्ट्यात वाहक म्हणजे एसटीत तिकीट फाडणारा. त्यामुळे मी मुंबईला विद्यापीठात अर्धवाहकांवर संशोधन करतो असं वडिलांनी गावात सांगितलं, तेव्हा गावानं त्याचा सरळ अर्थ घेतला. पोरगं अजून पुरतं कंडक्टर झालेलं नाय, अर्धं झालंय. दोघंजण तर दिवाळीच्या गर्दीत जागा धरून ठेव म्हणून घरी सांगूनही गेले. मी खुलासा करत बसलो नाही. खुलाशात सांगणार काय होतो? की मी मातीसारखी पूड कुटतो, तिचा ज्वारीच्या दाण्याएवढा मणी करून भाजतो, आणि तो मणी तापला की वीज जास्त सोडतो? त्यापेक्षा अर्धा कंडक्टर बरा.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. पूड होती मँगनीज आणि निकेलच्या ऑक्साइडची. तिच्या मण्याचा स्वभाव माणसाच्या उलटा. माणूस तापला की आधी वाट अडवतो. मणी तापला की वाट मोकळी करतो. त्याला दोन तारा लावल्या, एक बॅटरी आणि एक काटा जोडला, की मण्याला किती ऊन लागतंय ते काटा सांगतो. आमच्या सरांचं त्यावर वेड. मुंबईच्या उपनगरात रेडिओचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना होता, त्याच्या शेठना लॉऱ्यांच्या इंजिनाची उष्णता दाखवणारं घड्याळ बाजारात आणायचं होतं. तेव्हा करार झाला: मणी सरांनी घडवायचा, भट्टी, तारा आणि कारागीर शेठनी द्यायचे. सरांना मणी असा का वागतो ते हवं असे, शेठना दिवसाला किती निघतील ते. या 'का' आणि 'किती'च्या मधे धावायला मी होतो. काड्यापेटीतून नेले की मणी फुटत, म्हणून ते मी आईच्या कुंकवाच्या करंड्यातून नेत असे. त्या वर्षी मी इतकं मँगनीज हुंगलं की मला ताप आला असता तर बगलेत थर्मामीटर लावायची गरज नव्हती. दोन हातांना दोन तारा धरवल्या असत्या की काटा हलला असता.

शेठचा धीर सुटत चालला होता. परवाना मिळाला तर परदेशी मणी मागवणं त्यांना सोपं होतं. शेवटी ते म्हणाले, एक पावसाळाभर खऱ्या लॉरीवर, खऱ्या घाटात चालवून दाखवा. दसऱ्यापर्यंत जमलं तर करार पुढे, नाही तर नमस्कार. माझी जागा त्या करारावरच होती. आणि इकडे वडिलांनी पोलादपूरच्या हेडमास्तरांशी बोलून शाळेत विज्ञानाच्या मास्तराची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. गेल्या खेपेला तर मला नेऊन खुर्चीही दाखवली होती. खुर्ची वाईट नव्हती. पण मला मण्याची चटक लागली होती, आणि ती चटक खुर्चीवर बसून भागणारी नव्हती.

सरांनी विचारलं, ऊन, पाऊस आणि चढ एका जागी कुठे मिळेल? मी म्हटलं, सर, आमच्या तालुक्यात. आमच्याकडे पाऊस असा, की छत्रीला वरून दुसरी छत्री लागते. आणि आंबेनळी घाट असा, की वर पोचलेल्या लॉरीला खालची लॉरी दिसते ती मागच्या वर्षीची. सर हसले नाहीत. त्यांनी टिपून घेतलं: पाऊस भरपूर, चढ तीव्र.

लॉरी मिळाली महाडच्या एका गाडीवाल्याची. चवदार तळ्याच्या मागच्या अंगाला तो गाडी लावत असे. मालक तोच, ड्रायव्हर तोच, सगळे त्याला चाचा म्हणत. गाडीला क्लीनर नव्हता. यंत्र लावून देतो, पण चढावर चाकामागं धोंडा लावायचं काम तुझं, या अटीवर तो तयार झाला. माझा हुद्दा त्याच्या कानावर आधीच गेला होता.

"अर्धा कंडक्टर तू हायेसच," तो म्हणाला, "आता अर्धा क्लीनर हो. मिळून एक मानूस होशील."

चाचा बारा महिने अनवाणी गाडी हाकायचा. पायाखालच्या फळीतून इंजिनाचं ऊन त्याच्या तळव्याला कळायचं. लोक सांगत, आणि मीही त्यात भर घालून सांगत असे, की चाचा तळव्यावरून इंजिनाचंच काय, पुढच्या वळणावर कोण उभा आहे तेही ओळखतो. माझ्या काट्याकडे त्यानं एकदा पाहिलं आणि विचारलं की हे माझ्या पायाहून काय जास्त सांगणार. मी म्हटलं, पाय विकायला ठेवता येत नाहीत चाचा. हे त्याला पटलं.

मणी एका पितळी टोपणात बसवून रेडिएटरच्या वरच्या नळीत घातला. तारा पुढच्या फळीतून केबिनमध्ये घ्यायच्या होत्या. तिथं चाचा अडला. गाडीच्या तोंडावर भोक पाडायचं नाय, म्हणाला. मी अर्धा तास शास्त्र सांगितलं, त्यानं अर्धा तास मान हलवली. शेवटी तारा केबिनच्या खालून नेऊन मागच्या भिंतीवर चढवल्या आणि तिथल्या फळीतून आत घेतल्या. तार कमी पडली म्हणून भोकाशी एक जोड द्यावा लागला. जोडाला मेण आणि कापडी पट्टी गुंडाळली. असा जोड आम्ही प्रयोगशाळेत रात्रभर बादलीत बुडवून पाहिलेला होता, काट्याला त्याचा पत्ता नव्हता. डब्यातला काटा माझ्या मांडीवर. तांबड्या रेघेला पाणी उकळतं, तिच्या अलीकडे सगळं क्षेम.

ज्येष्ठ-आषाढात आम्ही आठवड्यातून दोन खेपा केल्या. महाड ते पोलादपूर काटा कसा शहाण्यासारखा. पोलादपूर सोडून घाट चढायला लागलो की दुसऱ्या वळणापाशी तो सुटायचा. तांबडी रेघ ओलांडून पार टोकाला जाऊन खुंटीला चिकटायचा. त्या काट्यावर विश्वास ठेवला असता तर इंजिन वितळून रस्त्यावर ओघळायला हवं होतं. चाचा तळवा फळीवर ठेवून म्हणायचा, थंड हाय. एकदा मी गाडी थांबवून झाकण उघडायला लावलं. पाणी कोमट. चाचानं त्यात हात धुतले, ते जास्त लागलं. वर पोचून वाईला माल उतरवला, बटाटा भरला, की उतरताना काटा पुन्हा गोगलगाय.

मी सरांना पत्रं लिहिली. सरांचं उत्तर आलं की चढावर मण्यावर ताण येत असावा, कोन मोजून कळव. मी कोनमापक आणि ओळंबा घेऊन आंबेनळीचं एकेक वळण मोजलं. लोकांना वाटलं सरकार घाट हलवणार आहे. कारखान्यातल्या केमिस्टनं लिहिलं की उंचीवर हवा विरळ होते त्याचा परिणाम असेल. तालुक्यात जो तो आपापल्या परीनं शास्त्रज्ञ झाला. एकानं सांगितलं की दुसऱ्या वळणावर जागेवाला देव आहे, त्याला नारळ द्या. मी दिलाही. वहीत लिहिला नाही.

मग श्रावण लागला. पहिल्या खेपेला दुसरं वळण आलं तसे मी डोळे मिटून घेतले. उघडले तर काटा जागच्या जागी. पाऊस तोच, घाट तोच, लॉरी तीच. पुढची खेप तशीच, त्याच्या पुढचीही. श्रावणभर त्या मण्यानं असे आकडे दिले की चौकटीत लावून ठेवावेत. सरांनी ते शेठना दाखवले. शेठ खूश झाले आणि म्हणाले, गणपती झाले की मी स्वतः येतो, त्या गाडीत बसून घाट चढतो. सरांनी मला लिहिलं, अभिनंदन, तू नेमकं काय बदललंस ते सविस्तर कळव. हे पत्र मी चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. मी काही म्हणजे काहीही बदललं नव्हतं.

गौरी-गणपती गेले. पहिली खेप निघाली आणि दुसऱ्या वळणावर काटा थेट खुंटीवर. शेठ आठ दिवसांनी यायचे होते.

त्या संध्याकाळी चाचानं मला पोलादपूरला घराशी सोडलं आणि चहाला टेकला. वडील पडवीत होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि शाळेच्या खुर्चीला नवीन वेत बसवल्याचं सांगितलं. मी आईजवळ चुलीशी जाऊन बसलो आणि सगळं ओकलो. आषाढात बिघडतो, श्रावणात सुधारतो, भादव्यात परत बिघडतो. आई भाकरी थापत होती.

"मंग बरोबर हाय की," ती म्हणाली. "श्रावन पाळतोय तो."

पडवीतून चाचा मोठ्यानं हसला. "माज्या गाडीत ऱ्हाऊन श्रावन पाळतो. वैनी, मला इचारलंन पन नाय."

"तुमी हसा," आई म्हणाली. "मी इचारते, श्रावनात मानूस काय सोडतो?"

आता तुम्ही ओळखलंच असेल. पण तीन महिने त्या गाडीत बसून मी ओळखलं नव्हतं, सरांनी नाही, केमिस्टनं नाही. चाचाची गाडी वर जाताना काय भरून नेते, हे मी वहीत कधी लिहिलंच नव्हतं. रकाना होता 'माल', त्यात मी फक्त वजन लिहीत होतो. महाडहून पावसाळ्यात वर देशावर दुसरं काय जाणार? सुके बोंबील आणि मिठात मुरवलेले खारे बांगडे. आमच्याकडे हे सांगायची गोष्टच नाही, उद्या सूर्य कुठं उगवणार हे कोणी वहीत लिहितं का. आणि श्रावणात वरचे लोक मासळी खात नाहीत, म्हणून महिनाभर चाचानं नारळ आणि मंगलोरी कौलं नेली होती.

आई, चाचा आणि मी बाहेर आलो आणि उजेड होता तोवर गाडी पाहिली. बांगड्यांच्या शेवटच्या पाट्या हौद्यात मावत नसत म्हणून केबिनच्या टपावर बांधलेल्या असायच्या. त्यांचं खारं पाणी पावसाबरोबर टपावर उतरायचं. सपाटीला ते दोन्ही बाजूंनी ओघळून जायचं. घाट लागून गाडीनं तोंड वर केलं की सगळं मागच्या भिंतीवरून उतरायचं, बरोबर माझ्या जोडावर. पट्टी सोडली तर आत मिठाचा पांढरा थर. पावसाच्या पाण्यातून वीज फारशी जात नाही, खाऱ्या पाण्यातून ती वरातीसारखी जाते. मण्याला वळसा घालून वीज परस्पर पलीकडे पोचत होती आणि काटा बिचारा समजत होता की मणी तापला. मुंबईला आम्ही जोड बादलीत बुडवला होता, पण नळाच्या पाण्याच्या. समुद्र खिडकीतून दिसत होता, तो कोणाला सुचला नाही.

मी चाचाला म्हटलं, पुढच्या फळीत भोक पाडू दिलं असतंत तर हे झालं नसतं. तो म्हणाला, तू माल लिवला असतास तरी झालं नसतं. दोघांनी एकमेकांना तेवढ्यावर सोडलं.

जोड नव्याने केला, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, आणि दासगावच्या होडीवाल्यांकडून राळ आणि तेल कढवून आणून दोन्ही तोंडं बुजवली. त्यांच्या होड्या त्यावर सावित्री नदीत तरंगतात, तेव्हा माझा जोड तरंगायला हरकत नव्हती. आता एक खेप करून पाहायची होती. तेवढ्यात घाटात दरड आली. रस्ता मोकळा झाला तो शेठ यायच्या आदल्या दिवशी. म्हणजे दुरुस्तीची पहिली परीक्षा शेठच्या डोळ्यांदेखत.

शेठ आणि सर मोटारीनं पोलादपूरला आले. चाचा महाडहून बांगडे भरून आला. शेठ बसणार म्हणून त्यानं जाकीट घातलं होतं आणि पायात नवे करकरीत बूट. वडिलांनी पाहुणचाराचा असा धडाका लावला, की चहा झाला, मग सरबत, मग चहा थंड झाला असेल म्हणून पुन्हा चहा, आणि शेठ नको म्हणाले तो कप माझ्यापुढे सरकवला गेला. मी नर्व्हस असलो की पुढ्यात येईल ते पितो. वडील सरांना शाळा दाखवायला घेऊन गेले. त्यांना खुर्चीही दाखवली असणार. गाडीत आम्ही तिघं: चाचा, मधे शेठ, दाराशी मी, मांडीवर डबा.

दुसरं वळण आलं, गेलं. काटा हलला नाही. जागेवाल्यालाही मी मनोमन हात जोडले. शेठ टपाकडून येणाऱ्या वासानं नाकाला रुमाल लावून बसले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. पाऊस कोसळत होता, भिंतीवरून खारं पाणी धारेनं उतरत असणार, आणि काटा क्षेमाच्या रेघांमध्ये.

अर्धा घाट गेला असेल, आणि काटा निघाला. एकदम नाही, हळूहळू. आधीच्या खेपांना तो उडी मारायचा, हा पायऱ्या चढल्यासारखा चढत होता. हा फरक मी टिपायला हवा होता. मी टिपला नाही. मला एवढंच दिसत होतं की तो तांबड्या रेघेकडे चाललाय, आणि पलीकडे ती खुर्ची आहे, नवीन वेताची.

शेठनी रुमाल काढला. "हे काय?"

"चाचा," मी विचारलं, "इंजिन कसं आहे?"

चाचानं पाय फळीवर दाबला. "थंड हाय. तुजा डबा परत नाचाय लागला."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात करार संपलेला मला स्पष्ट दिसला. इथं खरं सांगायचं तर मी मण्याची बाजू घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. माझ्या मनात तेव्हा मणी नव्हताच. सकाळपासूनचे चार चहा आणि दोन सरबतं चढाच्या हिसक्यांनी जागी झाली होती. करार गेलाच आहे, निदान कपडे तरी वाचावेत, एवढाच विचार होता. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि दात आवळून म्हणालो, "गाडी थांबवा. आत्ता."

तो आवाज असा काही निघाला की चाचानं मुकाट ब्रेक दाबला. मी उडी मारली, सवयीनं चाकामागं धोंडा लावला आणि कारवीच्या झुडपामागं गेलो. जितका वेळ लागायचा तितका लागला, आणि मी सांगतो, बराच लागला. परत आलो तर बॉनेट उघडं होतं आणि वाफेत चाचा कमरेपर्यंत दिसेनासा झाला होता. खालच्या नळीची पकड ढिली होऊन पाणी कधीचं गळत होतं. उरलंसुरलं खळखळा उकळत होतं. आणखी दोन वळणं गेली असती तर इंजिन जाम होऊन धरलं असतं.

चाचा बाहेर आला. त्यानं खाली बसून दोन्ही बूट काढले आणि शांतपणे ते टपावर बांगड्यांच्या पाटीत टाकले.

"शेठ," तो म्हणाला, "माजा पाय आज बुटात होता. ह्याच्या मन्याचा डोळा उघडा होता."

आम्ही ओढ्याचं पाणी आणून भरलं, पकड आवळली. काटा जसा चढला होता तसा पायऱ्या पायऱ्यांनी उतरला. शेठनी तो उतरताना पूर्ण पाहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ड्रायव्हर नाही म्हणतो, मी नाही म्हणतो, आणि तू गाडी थांबवतोस. आपल्या मालावर असा भरवसा असलेला माणूस मला पाहिजे." मी मान खाली घातली. शेठना तो विनय वाटला.

करार पुढे चालला. मी मुंबईला परतलो. मास्तराची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली आणि वडील महिनाभर माझ्याशी तुटक बोलले. सरांनी अहवाल लिहायला बसवलं. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. खारं पाणी, टप, जोड, श्रावण, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि लिहून घेतलं. श्रावणाला त्यांनी 'मालातील ऋतुमानानुसार बदल' केलं. मग शेवटच्या खेपेवर आले. काटा रेघेला पोचल्यानंतर गाडी लगेच का थांबवली, निर्णय कशाच्या आधारावर घेतला, असं त्यांनी पेन उचलून विचारलं.

मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या आहेत. पण सरांपुढे, अहवालात, मला एकही सुचेना. थोडा विचार करून मी वाक्य सांगितलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं: "या ठिकाणी निरीक्षकाच्या विनंतीवरून वाहन थांबवण्यात आले."